सही तिची, शब्द माझे

बदलापुरात मला कोणी शैक्षणिक सल्लागार म्हणत नाही. फॉर्मवाल्या मॅडम म्हणतात. शिरगावात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. बाहेर मी हौसेने पाटी लावली आहे, ‘शैक्षणिक सल्ला व मार्गदर्शन’. खालच्या झेरॉक्सवाल्याला पत्ता विचारला की तो मान वर न करता सांगतो, “वर जा, फॉर्मवाल्या मॅडम बसतात.” पाटीवरची अक्षरं चांगली आहेत, पण ती वाचून आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्यात लोकांची चूक नाही. बारा वर्षं मी फॉर्मच भरते आहे. दहावीनंतरचे, बारावीनंतरचे, इंजिनिअरिंगचे, फार्मसीचे, नर्सिंगचे. जून लागला की जिन्यावर चपलांची रास पडते. आई, बाप, मूल आणि प्लास्टिकच्या पिशवीत मार्कलिस्ट, जातीचा दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला. बँकेचं पासबुक तेवढं घरी विसरलेलं असतं. बाप आपला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवतो, कारण ओटीपी त्याच्या नंबरवर येणार असतो. मूल भिंतीकडे बघत बसतं. मी भराभर भरते. मार्क ऐकले की पहिलं कॉलेज कोणतं टाकायचं, दुसरं कोणतं, हे माझ्या बोटांना ठाऊक असतं. “मॅडम, तुम्ही बोलाल ते फायनल,” असं बाप म्हणतो, आणि ते ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पण आता मी दमले आहे. त्याआधीची एकोणीस वर्षं अंबरनाथच्या एका शाळेत खडू झिजवले. तिथून घसा बसला म्हणून बाहेर पडले, आणि इथे येऊन डोळे आणि गुडघे बसवून घेतले. मागच्या सीझनला एका दिवशी सलग सतरा फॉर्म भरले आणि अठराव्या मुलाला मी सतराव्या मुलाच्या नावाने हाक मारली. त्याची आई म्हणाली, “असू दे मॅडम, फॉर्मवर बरोबर आहे ना?” मला त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही.

म्हणून मी व्यावसायिक सदस्यत्वाच्या मागे लागले. आमच्या कामाची एक संघटना आहे, कोणत्याही कॉलेजशी बांधील नसलेल्या सल्लागारांची. चार वर्षांपूर्वी मी तिची सहयोगी सदस्य झाले. ते सोपं होतं. वर्गणी भरायची, ऑनलाइन कोर्स करायचा, नियम वाचल्याची खूण करायची. वरची पायरी चढायची तर मात्र अनुभव दाखवावा लागतो, कॉलेजं स्वतः फिरून बघितल्याच्या नोंदी द्याव्या लागतात, शिफारसपत्रं आणावी लागतात आणि शेवटी मुलाखत. अंबरनाथच्या एका नव्या शाळेने मला सांगून ठेवलं होतं की व्यावसायिक सदस्य झालात तर आठवड्यातून दोन दिवस मुलांशी बोलायला या. फॉर्म भरायचे नाहीत, नुसतं बोलायचं. खुर्ची, टेबल, पंखा, समोर एक मूल आणि कुठेही ओटीपी नाही. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. ती पायरी चढले तर सुटले, नाहीतर पुढच्या जूनला पुन्हा तो जिना, एवढं साधं होतं सगळं.

आमचे हे कारखान्यातून निवृत्त झालेले. मी रात्रीच्या जेवणाला कागद घेऊन बसले की ते म्हणायचे, “आता या वयात प्रमोशन कुणाकडून घेतेस? माझ्याकडून घे, देतो लिहून.” पण हिवाळाभर मला स्कूटरवर मागे बसवून कॉलेजं दाखवायला त्यांनीच नेलं. खरवईच्या पुढे, नेरळकडे, कर्जतच्या वाटेवर. प्रत्येक कॉलेजात एक माणूस मला फाइल, पेन आणि पाण्याची बाटली द्यायचा आणि प्रयोगशाळा दाखवायच्या आधी विचारायचा, “मॅडम, यंदा किती पोरं द्याल?” विटा किती ट्रक पाठवाल, तसं. मी कोणाकडून काही घेत नाही असं सांगितलं की तो माझ्याकडे दयेने बघायचा. एका ठिकाणी ह्यांनाच सल्लागार समजून आत नेलं आणि मला बाहेर चहा दिला. त्याही कॉलेजची नोंद मी लिहिली; चहा चांगला होता.

नोंदी झाल्या. राहिली पत्रं.

पहिलं पत्र या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाचं हवं होतं. मी ज्यांच्या हाताखाली शिकवलं त्या मुख्याध्यापकांकडे गेले. अंबरनाथला पूर्वेला राहतात, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, छान आहे. मजकूर तयार करून आणा, मी सही करतो.”

मला यात काहीच खटकलं नाही. खटकायचं कसं? आमच्याकडे सगळी पत्रं अशीच होतात. अनुभवाचा दाखला, वर्तणुकीचा दाखला, बदलीची शिफारस, सोसायटीचं ना हरकत पत्र. ज्याला पत्र हवं त्याने लिहायचं, ज्याच्या सहीला वजन आहे त्याने सही करायची. यात फसवणूक आहे असं देणाऱ्यालाही वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही. मोठ्या माणसाचा वेळ वाचवला एवढंच. मी शाळेत असताना शंभरेक पोरांचे दाखले त्या पोरांच्याच हातून लिहून घेतले असतील. तर मी घरी बसून स्वतःची स्तुती लिहिली. ‘निष्ठावान’ दोनदा आलं होतं, एकदा खोडलं. सरांनी चष्मा न शोधता सही केली आणि माझ्या शुगरची चौकशी केली.

दुसरं पत्र विद्यार्थ्याचं. अर्जात त्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं की विद्यार्थ्याने ते स्वतः, स्वतःच्या शब्दांत लिहावं, आणि आपला निर्णय कसा झाला ते त्यात सांगावं. ते बारीक अक्षर मी वाचलं होतं. वाचून पुढे गेले.

कोणाचं घ्यायचं हे मला विचारच करावा लागला नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली एक मुलगी होती. वडील जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, म्हणजे थरावर थर रचलेलं कापड मशीनने कापणारे. मूळचे साताऱ्याकडचे, पण तीस वर्षं सिंधी सेठजींच्या हाताखाली काढल्याने अर्धं बोलणं हिंदीत. मुलीला बारावीला आणि सीईटीला नव्वदच्या वर. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, नाव असलेलं कॉलेज, आणि पहिल्याच फेरीत पहिल्याच पसंतीचं. पेढे घेऊन बाप माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. त्यांच्या गल्लीतून नंतर कितीतरी घरं माझा जिना चढली. आता ती शेवटच्या वर्षाला होती. माझ्या कामाचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नव्हतं.

मी फोन केला. बाप म्हणाला, “मॅडम, विचारायचं काय त्यात? तुम्ही लिखके लाओ, ती साइन करून टाकेल.”

मी लिहिलं. मला ते चांगलं जमतं. परदेशी जाणाऱ्या दोन-तीन पोरांची निवेदनंही मीच लिहिली आहेत, त्यांना जे वाटायला हवं होतं ते त्यांच्या वतीने मला वाटून घेऊन. इथेही मी बावीस वर्षांची झाले. ‘मॅडमनी मला सर्व पर्याय समजावून सांगितले. माझ्या आवडीनुसार मी ही शाखा निवडली. मॅडमनी कोणताही दबाव आणला नाही.’ शेवटी एक भावनिक वाक्य टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं.

रविवारी रिक्षा करून कॅम्प चारला गेले. घर कारखान्याच्याच मागच्या बाजूला आहे. कारखाना बंद होता, पण लांबलचक टेबलाशी मुलगी आणि तिचे वडील उभे होते. ती जाड कागदाचे कापलेले तुकडे कापडावर मांडत होती. पुढचा पाय, मागचा पाय, खिसा, पट्टा. मांडायची, मान तिरकी करून बघायची, एक तुकडा उलटा फिरवायची. बाप कौतुकाने म्हणाला, “संडेला हिचा हात लागला ना मॅडम, तर कापड बचता है. सेठ पण बोलतो, तेरी लडकी को बिठा दे इधर. मी बोललो, नाम मत लो!” आणि मोठ्याने हसला. मुलगी हसली नाही, पण रागावलीही नव्हती. हात पुसून माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली.

तिच्या आईने चहा आणला. मी कागद पुढे केला. बापाने तिच्या हातात पेन दिलं आणि जागाही दाखवली, इथे. तिने आधी वाचायला घेतलं. सरांनी वाचलं नव्हतं, म्हणून मला ते जरा विचित्र वाटलं. ती हळूहळू वाचत होती. चहावर साय आली.

मग ती म्हणाली, “मॅडम, एवढं एक वाक्य काढूया का? ‘माझ्या आवडीनुसार’वालं. बाकी सगळं ठीक आहे.”

बापाला ते न ऐकल्यासारखं करायचं होतं, पण ऐकू आलं होतं. “काय काढायचं? चांगलं लिहिलंय मॅडमनी. साइन कर गप.”

“करते ना. मी नाही कुठे म्हटलं?” ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघून, अगदी सरळ आवाजात, “करू का मॅडम?”

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ती खरोखरच विचारत होती. मी हो म्हटलं असतं तर तिने सही केली असती. आणि ते वाक्य काढलं तर उरलेलं पत्र कुचकामी होतं, कारण संघटनेच्या मुलाखत घेणाऱ्या समितीला नेमकं तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, “राहू दे, मी जरा सुधारून आणते.” चहा तसाच ठेवून उठले. बाप रिक्षापर्यंत सोडायला आला आणि वाटेत तीन वेळा म्हणाला की पोरगी तशी शहाणी आहे.

घरी येईपर्यंत मला भयंकर राग आला होता. आधी तिचा. एवढे पेढे खाल्ले तेव्हा आवड कुठे गेली होती? मग समितीचा. ज्यांच्याकडे येणारी मुलं वातानुकूलित खोलीत बसून आपल्या आवडीनिवडी सांगतात, त्यांनी आमच्या जिन्यावर एक जून काढून बघावा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, एका ओळीवरून काय बिघडतं? ती करते म्हणाली ना सही? घेऊन टाक.” हे आयुष्यभर कारखान्यात तपासणीला होते, आणि तिथे एका सुताच्या फरकावरून माल परत पाठवायचे. मी तसं बोलून दाखवलं. ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

राग ओसरला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, कणीक मळताना. आणि तेव्हा मला तो दिवस आठवला. विसरले होते असं नाही. लक्षात ठेवण्यासारखं काही घडलं आहे असं वाटलंच नव्हतं. ऑफिस भरलेलं होतं. बाप माझ्या समोर, ती त्याच्या मागे स्टुलावर. कॉलेजांची यादी पडद्यावर उघडलेली. तिने विचारलं, “मॅडम, कापडाचं काही असतं का?” मी पडद्यावरची नजरही काढली नाही. म्हटलं, “असतं. पण एवढ्या मार्कांवर कापड कशाला? मार्क वाया जातील.” बाप मोकळा होऊन म्हणाला, “ऐकलंस? जिंदगीभर मी धागे खाल्ले, आता तू पण खाणार का?” मी पुढचं बटण दाबलं. ओटीपी आला. तिला घाम आला होता म्हणून मी खालून थंड पाणी मागवलं. संपलं.

टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचा कोड त्याच यादीत होता, थोडा खाली. एक ओळ वर सरकवायची होती, किंवा निदान उघडून दाखवायची होती. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्या फेरीत लागलं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीला बसता येत नाही, हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. माझ्या ज्या हुशारीचे मी पेढे खाल्ले, त्या हुशारीनेच त्या मुलीची वाट बंद झाली होती. मला स्वतःची लाज वाटली. आणि मग, खरं सांगते, कंटाळाही आला. छप्पन्नाव्या वर्षी स्वतःबद्दल नवीन काही जाणून घ्यायचं त्राण माझ्यात नव्हतं.

दोन दिवस मी दुसऱ्या विद्यार्थ्यांची नावं काढत बसले. प्रत्येक नावापुढे मला बाप आठवायचा, बापाचा मोबाइल आठवायचा. मूल कसं दिसायचं तेही आठवेना. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला, तिला स्वतःला. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, तो आधी तिच्या आईकडून घ्यावा लागला. म्हटलं, “पत्र तूच लिही. जे झालं ते लिही. मला वाईट वाटणार नाही.” वाटणार होतं, पण तसं म्हणायची पद्धत असते.

ती म्हणाली, “मॅडम, मला असं लिहिता येत नाही. काय लिहायचं असतं?”

“जे झालं ते.”

“म्हणजे मुद्दे देता का?”

मी मुद्दे दिले नाहीत. माझ्या हातून झालेली ती पहिली बरी गोष्ट असावी. आठवड्याने तिचं पत्र आलं, वहीच्या पानावर लिहून फोटो काढलेला.

‘मॅडमनी माझा फॉर्म भरला. तो बरोबर भरला होता, एकही चूक नव्हती. कॉलेज पहिल्या फेरीत लागलं. बाबांना खूप आनंद झाला. मला टेक्स्टाइलच करायचं होतं असं मी नक्की सांगू शकत नाही, कारण त्यात काय असतं ते मला माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं होतं. मॅडम कामात होत्या. कॉम्प्युटर वाईट नाही, मी पास होते. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांनी माझ्यासाठी थंड पाणी मागवलं होतं.’

खाली सही, आणि पुढे कंसात मोबाइल नंबर, कारण आमच्याकडे सहीपुढे मोबाइल नंबर घालतात.

ते पत्र मी जसंच्या तसं जोडलं. फार मोठा त्याग वगैरे करते आहे असं मनात नव्हतं. माझ्याकडे दुसरं खरं पत्र नव्हतं, आणि खोटं लिहायचा मला वीट आला होता. ह्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, “गेलं म्हणायचं तुझं प्रमोशन.” मग बराच वेळ टीव्हीचा आवाज कमी ठेवला.

मुलाखत व्हिडिओवर झाली. समोर समितीतले दोघं, एक बाई आणि एक गृहस्थ, दोघांच्याही मागे पुस्तकांची कपाटं. मागे दिसू नयेत म्हणून मी फॉर्मचे गठ्ठे टेबलाखाली ढकलले होते. गृहस्थांनी कॉलेजांच्या नोंदींबद्दल विचारलं, मी उत्तरं दिली. मग बाई म्हणाल्या, “विद्यार्थिनीचं हे पत्र तुम्ही का जोडलंत? ते तुमच्या बाजूचं नाही.”

मी पाठ केलेलं उत्तर होतं, ते आठवलं नाही. म्हटलं, “मी लिहिलेलं पत्र तिने वाचलं आणि एक वाक्य काढायला सांगितलं. ते वाक्य काढल्यावर काही राहिलं नाही.” मग मी बोलत राहिले. “आमच्याकडे विचारायला वेळ नसतो असं मी सगळ्यांना सांगत आले. तिचा फॉर्म भरायला मला वीस मिनिटं लागली. तिचं विचारणं आणि माझं उत्तर यांना दहा सेकंदही लागले नसतील. वेळ होता. मला वाटलं, मला माहीत आहे.” एवढं बोलून मी पाण्याचा ग्लास उचलला, आणि तो रिकामा होता.

दहा-बारा दिवसांनी मेल आला. मला व्यावसायिक सदस्यत्व मंजूर झालं होतं. आणि खाली समितीने मुद्दाम एक ओळ लिहिली होती, की माझं प्रामाणिक आत्मपरीक्षण इतर सदस्यांना मार्गदर्शक ठरेल. ह्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि जिलेबी आणायला निघाले. मी नको म्हटलं. एका मुलीचं जे हुकलं त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती, आणि ती शाबासकी मला हवीही होती. दोन्ही खरं होतं. जिलेबी आलीच, आणि मी खाल्ली.

अंबरनाथच्या शाळेने लगेच बोलावलं. मी ऑफिस आवरायला घेतलं. एका दुपारी जुने कागद फाडत बसले होते, तर ती मुलगी जिना चढून आली. एकटीच. माझ्या ऑफिसात एखादं मूल आईबापांशिवाय आलेलं मी बारा वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

“बाबांनी सांगितलं तुमचं काम झालं. अभिनंदन मॅडम,” ती म्हणाली. मी तुझ्याचमुळे झालं असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, “माझं एक विचारायचं होतं.” तिला ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. आणि इचलकरंजीला टेक्स्टाइलचा दोन वर्षांचा एक कोर्स होता, त्याचे अर्ज निघाले होते. तो तिने स्वतः शोधला होता. घरी सांगितलं नव्हतं. “काय करू? तुम्हीच सांगा.”

इतकी वर्षं जो प्रश्न कोणी विचारावा म्हणून मी पाटी लावून बसले होते तो समोर आला होता. मी कागद बाजूला केले. पंखा वाढवला. तिला पडद्यासमोर माझ्या शेजारी बसवलं, कोर्सची माहिती उघडली, नोकरीचं पत्र वाचलं. दोन्हीकडे काय मिळेल, काय सुटेल, नोकरी आधी करून कोर्स नंतर करता येईल का, एकदा इचलकरंजीला जाऊन बघून येता येईल का, सगळं सांगितलं. तासभर गेला. इतकं नीट काम मी या खोलीत कधी केलं नव्हतं. ती मान डोलावत ऐकत होती, वहीत लिहूनही घेत होती.

सगळं संपल्यावर म्हणाली, “हो, कळलं. पण मग काय करू?”

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

ती गोंधळली. “ते मला कळलं असतं तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?”

माझ्याजवळ उत्तरं होती. एक नव्हे, दोन होती. नोकरी घे, हे एक. ते तिच्या बापाचं होतं. इचलकरंजीला जा, हे दुसरं, आणि ते माझ्या अपराधी मनाचं होतं. जे म्हणेन ते ती ऐकणार होती, आणि दोन्हींत ती कुठेच नव्हती. म्हणून मी म्हटलं, “हे मी नाही सांगणार गं. हे तू ठरवायचंस. मी इथेच आहे, तू बोल, मी ऐकते.”

मी थांबले. खालून झेरॉक्सचा आवाज येत होता. तिने वही मिटली, पुन्हा उघडली. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि मग तिने संकोचत विचारलं, “मॅडम, आता तुम्ही मोठ्या मेंबर झालात, म्हणून फी वाढली का? मी आणलेत पैसे.” आणि ती पर्स उघडायला लागली.

मी तिचा हात धरला. म्हटलं, “नाही गं बाई. फी नको. तसं काही नाही.”

“मग?” ती म्हणाली.

निर्णय मुलावर कसा सोपवायचा, यावर संघटनेच्या कोर्समध्ये अख्खा धडा आहे, तो मी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आहे. पण मूल समोर बसून वाट बघत असताना काय करायचं, ते त्यात नव्हतं. ती आणखी थोडा वेळ बसली. मग उठली, मला वाकून नमस्कार केला, आणि दारात चपला घालताना म्हणाली, “ठीक आहे मॅडम. मग बाबांनाच विचारते.”

मी उठून जिन्यापर्यंत गेले. ती अर्धा जिना उतरली होती. तिला हाक मारायला मी तोंड उघडलं, पण हाक मारून पुढे काय म्हणायचं ते मला सुचलं नाही, आणि ती खाली उतरून गेली.